गव्हामुळे उठणारं पुरळ : मुलाला नेमकं कुणाला दाखवलंत?

लेक सात वर्षांची. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, ढुंगण, सगळीकडे बारीक पाण्याचे फोड. खाजवून खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. आधी खरूज म्हणून घरातल्या सहाही जणांनी लोशन फासलं, मग एक्झिमाचं मलम झालं. सासूबाईंच्या मते उष्णता. आता एक डॉक्टर म्हणतात, ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचं असेल. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ की पोटाच्या? यातून गेलेल्यांनी लिहा. आम्ही नाशिकला.

*

आधी त्वचेच्या. आमच्या मुलाला निघालं ते डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस, म्हणजे ग्लुटेनमुळे उठणारं पुरळ. नावात 'हर्पीस' ऐकून आजी नागीण समजून गेरू उगाळायला बसली, पण नागिणीशी याचा काही संबंध नाही. पहिली बायोप्सी फुकट गेली, कारण तुकडा फोडाचाच घेतला आणि फॉर्मलिनमध्ये टाकला. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी घेतली आणि वेगळ्या द्रावणात पाठवली, तेव्हा कातडीत आयजीए (एक प्रतिपिंड, अँटिबॉडी) दिसलं. वेळ घेतानाच विचारा, 'डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स (हे आयजीए दाखवणारी तपासणी) करता का?' गोंधळले तर दुसरीकडे जा.

*

आम्ही शहाणपणा करून तपासणीआधीच गहू बंद केला. टीटीजीचा (सीलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट नॉर्मल, कारण गहू पोटात नव्हता! मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा पोळ्या सुरू. पोरगा खूश, आम्ही रडकुंडीला. त्याला ना पोटदुखी ना जुलाब, त्यामुळे मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जायचं डोक्यातच आलं नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरांनीच पाठवलं. मुळात आजार सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेननं आतडं बिघडण्याचा, पुरळ हे त्याचं बाहेरचं रूप.

*

सोलापूरकर, म्हणजे भाकरीवाले, आम्हाला काय अवघड? असं वाटलं होतं. डॅप्सोन या गोळीनं दोन दिवसांत खाज थांबली (त्याआधी रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम तपासून घ्या, नाहीतर रक्तपेशी फुटायची भीती). पण त्यानं आतडं सुधारत नाही, पथ्य हवंच. आणि पथ्य पाळूनही पुरळ येतच होतं. दोन महिन्यांनी कळलं, गिरणीत आमची ज्वारी गव्हाच्या मागोमाग दळली जात होती. घरघंटी घेतली. हिंगाची डबीसुद्धा वाचा.

*

वाचली. गव्हाचं पीठ! तपासणी होईपर्यंत मात्र पोळी चालूच ठेवते. आत्ता एका दवाखान्यात फोन करून तो इम्युनोफ्लुरोसन्सचा प्रश्न विचारला. 'थांबा हं, मॅडमना विचारते' म्हणाली, तेव्हापासून कानात सनई वाजतेय.