भाऊ म्हणतो पाण्यात काहीतरी कालवताय, डॉक्टरकडे यायला तयार नाही. चहातून औषध द्यावं का?

तासगावची_ताई

नमस्कार, मोठं लिहितेय पण प्लीज वाचा. तासगाव तालुक्यातले आम्ही, द्राक्षबाग आहे. धाकटा भाऊ 22 वर्षांचा, पुण्यात इंजिनीअरिंगला होता, दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. आधी वाटलं केटी लागल्यात म्हणून तोंड लपवतोय. आंघोळ नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, रात्र रात्र जागा. संक्रांतीच्या आसपास नवीनच सुरू झालं, बागेत फवारणीला आलेली माणसं माझ्याबद्दलच बोलतात म्हणे, आणि कोणी नसलं तरी म्हणतो ऐक ऐक, आत्ता नाव घेतलं माझं. मोबाईल फोडला, त्यातनं डोक्यातले विचार काढून घेतात म्हणे. आता तर घरातलं पाणीच पीत नाही, आईनं काहीतरी कालवलंय म्हणतो, स्वतः बोअरवर जाऊन बाटली भरून आणतो. मारामारी वगैरे काही नाही हं, उलट तोच घाबरलाय.

आत्या म्हणते बाहेरचं आहे. औदुंबरला नेऊन आणलं, एका देवऋषानं लिंबं उतरवून पैसे घेतले. पप्पा म्हणतात पुण्यात गांजा ओढला असणार. आणि ओळखीचा मेडिकलवाला म्हणाला थेंबाचं औषध येतं, वास नाही चव नाही, चहात टाका, शांत होईल. पप्पांनी बाटली आणून ठेवलीय. द्यावं का? आणि हे स्किझोफ्रेनियाच आहे का? आमच्यात कुणालाच असलं काही नव्हतं.

कृष्णाकाठ

ताई माझ्या थोरल्या भावाला 2009 पासून स्किझोफ्रेनिया आहे, आता पन्नाशीला आलाय, क्लोझापिन नावाच्या गोळीवर आहे. खरं सांगू का, चहातून, आमटीतून देणारी घरं लय आहेत, बोलत कोणी नाही. पेशंट चार दिवस उपाशी, घरात झोप नाही कुणाला, गावात चर्चा, अशा वेळी माणूस काय करणार. त्यामुळं तुमच्या पप्पांना मी नावं ठेवणार नाही. पण डॉक्टरनं बघितल्याशिवाय नको हे नक्की.

सिस्टर_मिरज

मी सायकियाट्री वॉर्डला बरीच वर्षं काम केलंय. ताई, ती बाटली उघडू नका. बहुतेक रिस्पेरिडोन असणार, असल्या भास-संशयावरचं औषध. औषध वाईट नाही, चांगलं आहे, पण चिठ्ठीशिवाय विकणंच बेकायदेशीर आहे आणि किती मिली द्यायचं ते कोण ठरवणार, मेडिकलवाला? तरण्या मुलांमध्ये अशा औषधांनी सुरुवातीच्या दिवसांत कधी कधी मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, डोळे वर जातात. एका इंजेक्शननं थोड्या वेळात उतरतं, पण औषध घेतलंय हे त्याला माहीतच नसेल तर तो केवढा घाबरेल, आणि आत्याबाई म्हणतील बघा अंगात आलं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्याला वाटतंय की घरचे आपल्या खाण्यापिण्यात काहीतरी घालतात त्याच्याच चहात तुम्ही खरंच घालणार? उद्या कळलं तर त्याचा भ्रम तुम्ही स्वतःच्या हातानं खरा करून दिला, मग तो डॉक्टरवर तर सोडाच, आईवर पण विश्वास ठेवणार नाही, आणि या आजारात गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात, विश्वासाशिवाय ते होतच नाही.

आता आजाराचं. तुम्ही लिहिलेलं वाचून सायकोसिस वाटतंय, म्हणजे कोणी नसताना आवाज येणं, पक्का संशय, विचार चोरीला जाणं. पण सायकोसिस म्हणजे लगेच स्किझोफ्रेनिया असं नसतं. त्यासाठी लक्षणं निदान महिनाभर टिकावी लागतात, अमेरिकन पद्धतीत तर 6 महिने बघतात. गांजानं होतं (पप्पांचा संशय अगदीच फेकून देऊ नका, डॉक्टरला सांगा, पण पोराला टोमणे मारू नका), बायपोलरमध्ये (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार) होतं, खूप खोल डिप्रेशनमध्ये होतं, थायरॉईड, फिट्स, स्टिरॉइडची औषधं यांनीही होऊ शकतं. म्हणून तपासणी. दिवाळीपासूनचं ते गप्प होणं, आंघोळ सोडणं, मित्र तोडणं पण डॉक्टरला नीट सांगा, लोक फक्त आवाजाचं सांगतात आणि हे अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून देतात. घरात कुणाला नसलं तरी होतो हा आजार, साधारण 300 माणसांत एकाला असतो, आणि विशीच्या आसपासच सुरू होतो बहुतेक वेळा.

एक काम आजच करा. बागायतदार आहात म्हणजे घरात फवारणीची औषधं असणारच, ती सगळी कुलपात, किल्ली तुमच्याकडे. आणि शांतपणे विचारा आवाज काय म्हणतात. मर, उडी मार असलं सांगत असतील किंवा त्यानं पाणी, जेवण पूर्ण सोडलं तर वाट बघायची नाही, 108 बोलवा नाहीतर सरळ सिव्हिल गाठा. जिवाला धोका असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार देता येतात.

भक्त_वाडीचा

नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा धरा ताई, श्रद्धा ठेवा, आमच्या मेहुण्याचा मुलगा पूर्ण बरा झाला. डॉक्टर नुसत्या झोपेच्या गोळ्या देतात.

कृष्णाकाठ

पौर्णिमा धरा की, आम्ही पण जातो. पण ज्यानं गोळी बंद करायला सांगितली, कोंडून घातलं, मिरचीची धुरी दिली त्याच्या दारात पाय ठेवू नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. आणि झोपेच्या गोळ्या नसतात त्या, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनावर काम करतात, झोप येते हा साईड इफेक्ट.

हळदवाला

मी सहसा लिहित नाही इथं. मला स्वतःला हाय हा आजार. सांगलीत मार्केट यार्डात अडतीवर हिशेब लिहितो, लग्न झालंय, पोरगी हाय.

मला दिलेलं चहातनं. कळलं मला, कपात तळाला पांढरं दिसलं. त्यानंतर लय दिवस बिस्किटाच्या पुड्यावर काढले, तो पण दुकानदारासमोर फोडायचा. त्या टायमाला मला वाटलेलं जग आपल्या मागं लागलंय हे आता प्रूव्ह झालं. त्यामुळं सिस्टर म्हणतात ते शंभर टक्के.

मला मावसभावानं नेलं. तो माझ्याशी वाद घालायचा नाही, खरंय पण म्हणायचा नाही. म्हणायचा, मला तो आवाज ऐकू येत नाही रे, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. आणि विचारलं तुला नक्की काय नकोय? मी म्हणलं झोप नाही, डोकं फुटतंय. मग चल झोपेसाठी दाखवू. ह्यात खोटं काय नव्हतं, झोप नव्हतीच मला. तुम्ही जर म्हणाला तू वेडा हायस चल, तर कोण येणार?

आवाज एकदम गेले नाहीत, हळूहळू लांब गेले. ओलांझापिनच्या गोळीनं वजन लय वाढलं, मग डॉक्टरनी बदलून ॲरिपिप्राझोल केलं. आपल्या मनानं गोळी सोडायची नाही, त्रास होत असला तर तोंडावर सांगायचं डॉक्टरला.

सिस्टर_मिरज

हळदवाला दादा, छान लिहिलंत. ताई, तो येत नसेल तर आधी तुम्ही आणि आई जा, पेशंटशिवायसुद्धा डॉक्टर ऐकून घेतात. कधीपासून काय झालं ते वहीत लिहून न्या. सांगली सिव्हिल किंवा मिरज मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे. तोवर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, 14416, फुकट आणि 24 तास.

तासगावची_ताई

अपडेट देते. मी आणि आई जाऊन आलो, मग झोपेच्या बोलण्यावर तो पण आला, गाडीत मागं बसून पूर्ण वेळ खिडकीची काच वर ठेवायला लावली पण आला. डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलले. रक्त, थायरॉईड, लघवीची तपासणी लिहिली, आजाराला नाव आत्ताच देत नाही म्हणाले, रात्रीची एक गोळी दिलीय, कशासाठी आहे ते त्याला समोर बसवून सांगितलं. गोळी तो स्वतः पाकिटातून काढतो, पाणी बोअरचंच. बाटली पप्पांनी मेडिकलवाल्याला परत दिली. पप्पा विचारतात बरं वाटलं की बंद करायची का?

सिस्टर_मिरज

नाही. पहिलाच ॲटॅक असला तरी पूर्ण बरं वाटल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करायची वेळ आली तरी डॉक्टर हळूहळू कमी करतात. मध्येच सोडली की आजार उलटण्याची शक्यता फार. मान किंवा जबडा आखडला, नाहीतर एका जागी बसवेना, सारख्या येरझाऱ्या घालायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. आणि पाणी बोअरचंच पिऊ दे.