ग्रह जास्त घेतले म्हणून दंड कशासाठी?

धूमकेतू

टर्नवर, म्हणजे पाळीपाळीने, चालणाऱ्या अंतराळ-गेम्समध्ये साम्राज्य उभं करायचं तर आधी हातपाय पसरावे लागतात. आकाशगंगेचा नकाशा काळा असतो, स्काउट (टेहळणी जहाज) एकेक तारा उघडत जातो, आणि पहिलं वसाहत-जहाज कुठे उतरवलं यावर पुढचा बराचसा गेम ठरतो. माझ्या लेखी या प्रकारातलं सगळ्यात मोठं सुख हेच आहे. आणि नव्या गेम्सनी नेमका त्याच्यावरच कर बसवलाय.

एंडलेस स्पेस २ (२०१७) घ्या. ठरलेल्या संख्येच्या वर एक वसाहत गेली की साम्राज्यातल्या झाडून सगळ्या वसाहतींमधली जनता नाराज व्हायला लागते. स्टेलारिस (२०१६) टर्नवर चालत नाही, पण कल्पना तीच: साम्राज्याचा आकार वाढला की संशोधन महाग. का? दूरच्या एका बर्फाळ ग्रहावर माझी मूठभर माणसं उतरली म्हणून राजधानीतल्या माणसाने का चिडावं? शास्त्रज्ञांना तोच लेझर शोधायला जास्त वेळ का लागावा? गेमच्या जगात याचं उत्तरच नाही. ते फक्त डिझायनरच्या हिशेबाच्या वहीत आहे.

मर्यादा नकोतच, असं मी म्हणत नाही. मास्टर ऑफ ओरायनमध्ये (१९९३) असा कुठलाही आकडा नाही, तरी तिथे पसरणं फुकट नाही. वसाहत-जहाज उतरतं तेव्हा ग्रहावर २० लाख लोक असतात आणि कारखाना एकही नसतो. एक कारखाना १० बीसीला (बीसी हे तिथलं चलन) पडतो आणि सुरुवातीला दर दहा लाख लोकांमागे दोनच कारखाने चालवता येतात. म्हणजे तो ग्रह स्वतःच्या बळावर उभा राहायची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. तिजोरीतून मदत करता येते, पण ग्रहाचं स्वतःचं उत्पादन जितकं तितकीच. ज्याचं उत्पादन जवळजवळ शून्य, त्याचं दुप्पट करून हाती काय लागणार? मग मायग्रहावरून माणसं पाठवायची. एका वेळी अर्ध्याहून जास्त पाठवता येत नाहीत, आणि जितकी गेली तितकं मायग्रहाचं उत्पादन खाली येतं. पण लोकसंख्या सगळ्यात जोरात वाढते ती ग्रह साधारण अर्धा भरलेला असताना. त्यामुळे गच्च भरलेल्या ग्रहावरून योग्य वेळी माणसं काढली तर जागा लवकर भरून येते, आणि चुकीच्या वेळी काढली तर शेजारी पुढे निघून जातो. शिवाय ट्रान्सपोर्ट (माणसं नेणारी जहाजं) वाटेत असतात तेवढ्यात शत्रूची लढाऊ जहाजं त्या ग्रहाभोवती येऊन बसली, तर माणसंही गेली आणि टर्नही गेले.

ही खरी मर्यादा. अंतर, इंधन, माणसं, शत्रू. मर्यादा नकाशातून यावी, अर्थव्यवस्थेतून यावी. "सातच्या वर गेलात तर वजा दहा" अशी पाटी लावून नको.

पाचवा ग्रह

पूर्ण असहमत. तुम्ही सुरुवातीच्या तीस-चाळीस टर्नांचं वर्णन केलंत, आणि ते सुंदर आहेच. पुढचं बोलू या.

ज्याच्याकडे जास्त ग्रह त्याचं उत्पादन जास्त, त्यातून जहाजं जास्त, त्यातून पुन्हा ग्रह जास्त. बळी तो कान पिळी. ज्या ओरायनचं तुम्ही कौतुक करता, तिथे जहाजांची सुरुवातीची रेंज ३ पार्सेक (नकाशावरचं अंतराचं माप) असते. तेवढ्यात दोन-तीन राहण्याजोगे ग्रह मिळाले तर गेम तुमचा, आणि नुसते किरणोत्सारी दगड मिळाले तर पुढचे कित्येक टर्न तुम्ही टेक (नवं तंत्रज्ञान) येण्याची वाट बघताय. खेळाडूने काय ठरवलं यापेक्षा नकाशाने काय वाढून ठेवलं हे तिथे जास्त मोजलं जातं. "मर्यादा नकाशातून यावी" म्हणता ना? येते. पण ती सगळ्यांना सारखी येत नाही.

वसाहतींची मर्यादा हा निर्णय खेळाडूच्या हातात परत देते. एंडलेस स्पेस २ मध्ये ती मर्यादा काही कायमची नाही, टेक घेऊन वर नेता येते. त्यामुळे प्रत्येक वेळी विचार करावा लागतो: आत्ता हा ग्रह घेऊन नाराजी सोसायची, की आधी टेक घ्यायचं? मर्यादा नसती तर उत्तर कायम एकच असतं, "घे". ज्या प्रश्नाचं उत्तर नेहमी एकच, तो निर्णय कसला?

आणि याच मर्यादेमुळे जमातींना स्वभाव येतो. त्याच गेममधले क्रेव्हर्स बघा. ते ज्या ग्रहावर राहतात तो ओरबाडून खातात. आधी भरघोस मिळतं, ग्रह संपला की नुकसान. म्हणजे त्यांना पुढे सरकत राहणं भाग आहे आणि मर्यादा मात्र मागे खेचते. त्या ओढाताणीत क्रेव्हर्स खेळण्याची सगळी गंमत आहे. मर्यादा काढून टाका, उरते ती नुसती टोळधाड.

स्लायडरवाली

दोघांच्याही मुद्द्यात एक गोष्ट राहिली: कष्ट. गेमच्या आतले नाही, माऊस धरणाऱ्या हाताचे.

पहिल्या ओरायनमध्ये एका ग्रहाला पाच स्लायडर आहेत: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. बस. तीस-चाळीस ग्रह असले तरी माणूस सांभाळू शकतो. १९९६ च्या दुसऱ्या भागात प्रत्येक वसाहतीला इमारतींची रांग आली. दुसरा भाग मला जिवापाड आवडतो, पण मोठ्या साम्राज्यात त्याचे शेवटचे टर्न आठवा. रोबो मायनर प्लांटचं टेक हाती आलं. आता एकेका वसाहतीत जायचं, रांग उघडायची, आधीची इमारत खाली ढकलायची, प्लांट वर आणायचा, बाहेर यायचं, पुढची वसाहत. संपलं म्हणेपर्यंत पुढचं टेक दारात. आपोआप बांधकामाची सोय आहे, पण ती कधी काय बांधेल याची खात्री नाही, म्हणून मी तरी ती बंदच ठेवते. धान्याला मालवाहू जहाजं लागतात, माणसं हलवायची तर लोकसंख्येच्या एका युनिटला पाच मालवाहू. सात ग्रहांवर हे सगळं अतिशय रसाळ वाटतं. पस्तीस ग्रहांवर नाकी नऊ येतात.

यावर तिसऱ्या भागाने (२००३) उपाय काढला: प्रत्येक ग्रहाला व्हाइसरॉय, तोच सगळं बघेल. आणि सम्राट प्रेक्षक झाला. आपण दिलेला हुकूम पाळला जातोय की नाही हेही धड कळत नाही. रोगापेक्षा औषध भयंकर.

मला पटलेला रस्ता गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स ४ (२०२२) ने धरलाय. तिथे मोजक्या मुख्य ग्रहांवर राज्यपाल नेमायचे आणि त्यांचंच बांधकाम बघायचं. बाकीच्या वसाहती आपलं उत्पादन त्यांच्याकडे पाठवतात, त्यांच्यात डोकवायची गरजच नाही. म्हणजे धूमकेतूंना हवं तेवढं पसरता येतं, आणि एक टर्न संपवायला संध्याकाळ जात नाही. कोणता ग्रह मुख्य करायचा आणि कोणता दुसऱ्याला जोडायचा, हा निर्णयही चांगला वजनदार आहे. पसरणाऱ्याला दंड करण्याआधी हे करून बघायला हवं होतं. बऱ्याच गेम्समधला दंड मला डिझायनरची पळवाट वाटते: इतके ग्रह सांभाळण्याची नीट सोय करता आली नाही, म्हणून ते घेऊच नका.

मृगनक्षत्र

मी कायम टॉल खेळतो. थोडे ग्रह, पण एकेक ग्रह पूर्ण भरलेला. त्यासाठी वाइड, म्हणजे पसरून, खेळणाऱ्याला शिक्षा करायची गरज मला कधीच वाटली नाही.

ओरायन २ मध्ये बहुतेक जमातींना प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन टेकमधलं एकच निवडता येतं. क्रिएटिव्ह जमातीला सगळी मिळतात. हा गुण घ्यायला जमात बनवताना मिळणाऱ्या १० पॉइंटांपैकी ८ जातात, म्हणजे बाकी जवळजवळ काही परवडत नाही. पण मग बारा ग्रहांच्या शेजाऱ्याला स्वयंचलित कारखाने आणि क्षेपणास्त्र-तळ यांतलं एक सोडावं लागतं आणि माझ्या पाच ग्रहांवर दोन्ही असतात. लहान राहण्याला बक्षीस द्या, खेळाडू आपणहून लहान राहतील.

धूमकेतू

@मृगनक्षत्र, अगदी हेच. माझा अर्धा युक्तिवाद तुम्ही माझ्यापेक्षा कमी शब्दांत केलात.

@पाचवा ग्रह, स्नोबॉल होतो, म्हणजे मोठा आणखी मोठा होत जातो, हे कोण नाकारतंय? पण दंडाने तो थांबत नाही, जरा उशिरा सुटतो इतकंच. सिव्हिलायझेशन ५ च्या २०१३ च्या विस्तारात साधारण नकाशावर दर शहरामागे संशोधन ५ टक्क्यांनी महाग केलं. मग काय झालं? जे शहर ५ टक्क्यांहून जास्त संशोधन देईल ते घ्या, बाकीची सोडा. नियम एका साध्या भागाकाराने सुटला. ज्याची सुरुवात चांगली झाली त्याला तो भागाकार लवकर परवडतो, आणि जो मागे आहे त्याची नवी शहरं आणखी उशिरा फायद्यात येतात. म्हणजे दंड बसला कोणाला?

स्नोबॉलवर खरा उतारा बाकीच्या जमाती. ओरायनची परिषद आठवा: सगळ्यात मोठे दोघे उमेदवार, मतं लोकसंख्येवर, आणि दोन-तृतीयांश मतं मिळाली की सम्राटपद. नुसतं फुगून चालत नाही. इतरांशी व्यापार, करार, मैत्री लागते, कारण मोठा होताना तुम्ही ज्यांना दुखावलंत ते मत द्यायला बसलेले असतात. आणि मतं जमली की गेम तिथे संपतो. निकाल लागल्यावर उरलेले ग्रह एकेक करून पुसत बसायला नको.

पाचवा ग्रह

परिषद मला आवडते, पण ती तुमचा मुद्दा उलटा सिद्ध करते. मतं लोकसंख्येवर, म्हणजे पुन्हा ग्रहांवर. एक-तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या माझ्याकडे आली, की मी सोडून कुणीच निवडून येऊ शकत नाही. तिथून पुढे मी निवांत. एकेकाला गिळत जायचं आणि दर परिषदेत अडवून धरायचं. कुणाशी मैत्री करायची गरजच काय? तसा ताकदवान असेन तर निकाल धुडकावून सगळ्यांशी लढायची सोयही गेमने ठेवलीय. हा स्नोबॉलवरचा उतारा नाही, स्नोबॉलला घातलेला मुकुट आहे.

भागाकाराचं म्हणाल, तर तो मला हवाच आहे. "हे शहर फेडेल का?" हा प्रश्न विचारावा लागणं हीच सुधारणा आहे. १९९३ मध्ये तो विचारावा लागत नव्हता.

गनिमी कावा

१९९३ मध्येही विचारावा लागत होता हो. वरच्या अवघड पातळीवर एआयला उत्पादनाची जादा मदत असते. तिथे फेडत नसलेल्या ग्रहावर वीस टर्न घालवले की शेजाऱ्याचा ताफा दारात उभा असतो.

पण मी वेगळ्या कारणासाठी लिहितोय. फ्रीओरायन कुणी खेळतं का? फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. त्याच्या अलीकडच्या आवृत्तीत प्रत्येक वसाहत 'प्रभाव' नावाची चीज खाते. ही चीज कुठून येते? तुमच्याच ग्रहांवरून. प्रत्येक ग्रहाचा एकेक भर ठरवायचा असतो: उद्योग, संशोधन किंवा प्रभाव. वसाहती वाढल्या की चांगला कमावता एखादा ग्रह उद्योगावरून काढून प्रभावावर लावावा लागतो. तोच प्रभाव धोरणं लागू करायलाही लागतो, म्हणजे तिथेही खेचाखेच. प्रभाव उणे गेला की जनता बिघडते.

आता सांगा, हा पाटीवरचा दंड की अर्थव्यवस्थेतून आलेली मर्यादा? मला वाटतं दुसरं. राज्य चालवायला माणसं लागतात, ती कारखान्यातून उचलून कचेरीत बसवावी लागतात. राजधानीतला माणूस का चिडला, याला इथे कारण आहे.

धूमकेतू

हे मी मान्य करीन, आणि आनंदाने. माझी तक्रार किंमत मोजण्याबद्दल कधीच नव्हती, बिनबुडाच्या किमतीबद्दल होती.

ओरायन २ मध्ये जिंकलेल्या ग्रहांचं असंच आहे. परकी प्रजा हाती आली तरी लगेच आपली होत नाही, मधल्या काळात बंड करू शकते. लोकशाहीत ती लवकर मिसळते, युनिफिकेशनमध्ये फार उशीर लागतो. म्हणजे किती भराभर गिळता येईल हे तुम्ही सुरुवातीला निवडलेल्या राज्यपद्धतीवर ठरतं. एंडलेस स्पेस २ च्या मर्यादेला जिंकलेली वसाहत आणि वसवलेली वसाहत यांतला फरकच कळत नाही, दोन्ही फक्त एकेक आकडा.

पाचवा ग्रह

प्रजा मिसळण्याचा मुद्दा चांगला आहे, पण ती अडचण तात्पुरती आहे. प्रजा मिसळली की ग्रह कायमचा फुकट, आणि स्नोबॉल पुन्हा सुरू. गनिमी कावा सांगतात तो खर्च दर टर्नला, गेम संपेपर्यंत चालू राहतो, म्हणून तो जास्त खरा. मी त्यात एकच बदल करीन: राजधानीपासूनच्या अंतराप्रमाणे प्रभाव जास्त खाल्ला जावा. मग दूरवर पसरायचं तर मधे दुसरी राजधानी बसवायचा विचार करावा लागेल, आणि शत्रूला तिच्यावर घाव घालून अर्धं साम्राज्य खिळखिळं करता येईल.

स्लायडरवाली

दुसरी राजधानी चालेल. फक्त तिच्यासाठी आणखी एक रांग उघडायला लावू नका.