जलनेतीने सर्दी टळते का, आणि त्यासाठी पाणी नेमके कोणते घ्यावे?

खडूफळा :

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. पावसाळा सुरू झाला की वर्गातल्या दहा-बारा मुलांची नाके सतत वाहत असतात, आणि जूनपासून फेब्रुवारीपर्यंत मलाही चार-पाच वेळा तरी सर्दी होते. ती चार दिवसांत आटोपत नाही. कफ घशात उतरतो, आवाज बसतो, आणि आवाज बसलेल्या शिक्षिकेचे दुसरीच्या वर्गात काय होते ते वेगळे सांगायला नको.

आमच्या योगवर्गातील ताईंनी मला रोज सकाळी जलनेती, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याची क्रिया, करण्यास सांगितले आहे. नेती करणाऱ्याला सर्दी शिवत नाही, असे त्या ठामपणे म्हणतात. वर्गात प्युरिफायरचे पाणी कोमट करून त्यात चिमूटभर मीठ टाकले जाते. मी दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा नाकात असे काही झणझणले की डोळ्यांतून पाणी आले. ताईंच्या मते हे सवयीने जाईल. या क्रियेने संसर्ग खरोखरच टळतो का, आणि हे झणझणणे म्हणजे माझे काही चुकते आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तोटीचा तांब्या :

मी गेली सोळा वर्षे नेती करतो आहे, तरीही ‘सर्दी शिवत नाही’ हे विधान मी करणार नाही. मला सर्दी होते. फक्त ती पूर्वीइतकी रेंगाळत नाही, आणि हा अर्थात माझ्या एकट्याचा अनुभव आहे. हठयोगात नेतीची गणना धौती, बस्ती, त्राटक, नौली आणि कपालभाती यांच्याबरोबर षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत होते. गंमत अशी की हठप्रदीपिकेत सांगितलेली नेती पाण्याची नसून सुताची आहे : वीतभर गुळगुळीत सूत नाकातून घालून तोंडावाटे बाहेर काढायचे. आज घरोघरी केली जाते ती तोटीच्या भांड्याची जलनेती त्या मानाने फारच सौम्य म्हणायची.

आपण विचारलेल्या झणझणण्याविषयी सांगायचे तर ते सवयीने जाण्याची वाट पाहू नये. मीठ कमी पडले की असे होते. ‘चिमूटभर’ हे मापच नव्हे. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ लागते. बारीक मिठाचा सपाट भरलेला चहाचा चमचा घेतला तर साधारण पाऊण चमचा. परंतु प्रत्येक घरातला चमचा वेगळा असल्याने स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकदा मोजून घ्यावे आणि मग तोच चमचा वापरावा.

बेसिनवर पुढे वाकावे, मान एका बाजूला कलती करावी आणि वरच्या नाकपुडीला तोटी लावून तोंडाने संथ श्वास चालू ठेवावा. पाणी आपोआप खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. मधेच बोलू नये, आवंढाही गिळू नये. दोन्ही बाजू झाल्यावर बराच वेळ पुढे वाकून पाणी निथळू द्यावे. माझी चूक इथेच झाली होती. कामावर जाण्याच्या घाईत दोन्ही नाकपुड्या दाबून मी जोराने नाक शिंकरले, आणि पुढचे दोन दिवस एक कान बंद होता.

नाकासमोर :

मी कान-नाक-घसा या विषयाचा डॉक्टर आहे. वरील प्रतिसादातील मिठाचे प्रमाण बरोबर आहे. एका लिटरला नऊ ग्रॅम, म्हणजे ०.९ टक्के, हे द्रावण आपल्या शरीरातील द्रवांशी जुळते, म्हणून ते झोंबत नाही. मात्र मिठापेक्षा मला अधिक काळजी वाटली ती प्युरिफायरच्या पाण्याची. त्याविषयी पुढे लिहितो. आधी मूळ प्रश्न.

नाकाच्या आतील अस्तरावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. धूळ, परागकण आणि विषाणू त्यात अडकतात आणि अस्तरावरील सूक्ष्म केस तो थर सतत घशाकडे ढकलत राहतात. सर्दीत हा स्राव घट्ट होतो व वाहतूक मंदावते. खाऱ्या पाण्याने तो सुटतो आणि त्याबरोबर काही विषाणूही धुऊन जातात. एडिंबरा येथे ६६ प्रौढांवर झालेला एक प्राथमिक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी सुरू होताच जास्त खाऱ्या पाण्याने नाक धुणे आणि गुळण्या करणे सुरू केलेल्यांचे आजारपण सरासरी १.९ दिवसांनी कमी झाले. पुढे २०२४ मध्ये ब्रिटनमधील सुमारे १३,८०० लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात नेती नव्हती, नाकात मारायचे फवारे होते. ते वापरणाऱ्यांचे सहा महिन्यांतील आजारपणाचे दिवस सरासरी आठांवरून साडेसहाच्या आसपास आले आणि प्रतिजैविकांचा वापरही घटला. लाभ मुख्यतः दिसला तो आजारपण आखडण्यात; संसर्गच होणार नाही, असे म्हणण्याइतका आधार यातून मिळत नाही.

आता पाणी. नळाचे पाणी पिण्यास योग्य असले तरी नाकासाठी ते योग्य असेलच असे नाही. पोटात गेलेल्या बऱ्याच सूक्ष्मजीवांना जठरातील आम्ल मारते. नाकात तसा पहारेकरी नाही. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा प्यायलेल्या पाण्यातून आजार करत नाही, परंतु नाकात शिरला तर गंधवाहक मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून वाचणारे रुग्ण अत्यंत थोडे असतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. प्रकार अतिशय दुर्मीळ आहे. पण टाळणे इतके सोपे असताना धोका पत्करण्याचे कारणच नाही. पाणी तीन ते पाच मिनिटे खळखळून उकळावे, झाकून निवू द्यावे आणि चोवीस तासांच्या आत वापरावे. नुसते कोमट करणे पुरेसे नाही. घरगुती प्युरिफायरचे पाणी शेवटी टाकीत साठते, ती टाकी निर्जंतुक नसते.

परदेशीकर, मुक्काम कोची :

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याविषयी लिहितो. केरळात २०२४ मध्ये कोझिकोड परिसरात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराने लहान मुले दगावली आणि २०२५ मध्ये रुग्ण वाढल्यावर विहिरींत क्लोरीन टाकण्याची मोहीम घेण्यात आली. येथे बोलणे होते ते तळ्यात पोहण्याचे आणि विहिरीवरच्या आंघोळीचे, नेतीचे नव्हे. परंतु वाट तीच, नाकाची. आमच्या घरी आता नेतीचे पाणी रात्री उकळून झाकून ठेवतात.

खडूफळा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल साडेचार ग्रॅम मीठ मोजून घेतले आणि खरोखरच काही झोंबले नाही. पिण्याच्या पाण्याबाबत आम्ही पुणेकर २०२५ च्या जानेवारीतील जीबीएसच्या (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या) साथीपासून जागरूक झालो आहोत. पण नाकात जाणाऱ्या पाण्याचा वेगळा विचार कधी केला नव्हता. आणखी दोन शंका आहेत. नेती रोज करावी का? आणि योगवर्गात एकच भांडे विसळून सर्वांना देतात, ते चालेल का?

नाकासमोर :

भांडे प्रत्येकाचे स्वतंत्रच हवे. वापरानंतर ते साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याने खळबळून पूर्ण कोरडे होऊ द्यावे.

रोज करण्याविषयी डॉक्टरांतही एकमत नाही. नाकातील स्रावात संरक्षक द्रव्ये असतात आणि वर्षानुवर्षे रोज धुण्याने तीही वाहून जात असावीत, अशी शंका काहींनी घेतली आहे. ॲलर्जी किंवा जुना सायनसचा त्रास असलेल्यांना मी नियमित करण्यास सांगतो. आपल्या बाबतीत वर्गात साथ असताना शाळेतून परतल्यावर एकदा, आणि घसा खवखवू लागताच दिवसातून दोन-तीन वेळा, एवढे पुरे. कानाचा संसर्ग असताना, नाक पूर्ण चोंदलेले असताना, वारंवार घोळणा फुटत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि नेती सुरू केली म्हणून हात धुणे व फ्लूची लस सोडू नये.

तोटीचा तांब्या :

झोपण्याच्या तोंडावरही करू नका. आत राहिलेले पाणी आडवे झाल्यावर घशात उतरते आणि रात्रभर खोकला येतो.

खडूफळा :

आज ताईंना हा सर्व मजकूर वाचून दाखवला. ‘सर्दी शिवत नाही’ या मतावरून त्या तसूभरही हलल्या नाहीत. परंतु उद्यापासून प्रत्येकाने आपापले भांडे आणि घरी उकळलेले पाणी आणावे, असे त्यांनी फळ्यावर लिहिले आहे.