‘करंट आहे, पण न्यूट्रल नाही’ : वाक्य बरोबर की चूक?

परवा स्वयंपाकघरातले दिवे-पंखा एकदम बंद पडले. वायरमनने प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर घालून पाहिला, दोन्हीकडे लुकलुकला. म्हणाला, “ताई, करंट आहे, न्यूट्रल तुटलाय.” दहावीतल्या लेकीने तिथेच हरकत घेतली : परिपथ तुटला असेल तर धारा वाहणारच नाही, मग करंट कुठून आला? कोणाचं खरं मानू?

प्रतिसाद

लेकीचं विज्ञान बरोबर, वायरमनचं निदानही बरोबर. घोळ ‘करंट’ या शब्दाचा आहे. बोलण्यात आपण तो तिन्ही गोष्टींना वापरतो : तारेतला दाब, तारेतून वाहणारी धारा आणि अंगाला बसणारा झटका. वायरमनला म्हणायचं होतं ‘दाब आहे’.

पाठ्यपुस्तकातला ‘विद्युतधारा’ मला फार आवडतो, कारण त्यात आपली नळाची धार आहे. गच्चीवरची टाकी भरलेली आणि नळ बंद, म्हणजे दाब पुरेपूर, धार शून्य. दाब व्होल्टमध्ये मोजायचा, धारा अँपिअरमध्ये. घरातला दाब २३० व्होल्ट, पंखा फिरो न फिरो.

दोन्ही भोकांत टेस्टर का लागला? फेज म्हणजे दाब आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे धारेच्या परतीची. तुमचा न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलेला आणि एखाद्या दिव्याचं बटण चालू राहिलेलं. फेजचा दाब त्या दिव्यातून पलीकडच्या तारेपर्यंत पोचतो आणि परतीची वाट नसल्यामुळे तिथेच अडून राहतो. लोक याला ‘डबल करंट येतोय’ म्हणतात. खरं तर फेज एकच, दोन ठिकाणी दिसणारा. म्हणून न्यूट्रलच्या तारेला निर्धास्त हात लावू नये.

टेस्टरमधून धारा जाते, पण अगदी नाममात्र. आत साधारण दहा लाख ओहमचा रोध, म्हणजे धारेला अडथळा, असतो. हिशेब केला तर पाव मिलिअँपिअरसुद्धा होत नाही, म्हणून बोट टेकवूनही काही जाणवत नाही.

आणखी एक प्रतिसाद

मोटर रिवाइंडिंगच्या धंद्यात आहे, म्हणून दोन शब्द. ‘पॉवर कमी येतेय’ हेही असंच. गिऱ्हाईक सांगतं तेव्हा त्याला दाब कमी म्हणायचं असतं. पुस्तकातली शक्ती वॉटमध्ये, आणि शेतकऱ्याची ‘पाचची मोटर’ म्हणजे पाच अश्वशक्ती, सुमारे ३,७०० वॉट. बिलातलं युनिट मात्र शक्तीचं नव्हे, ऊर्जेचं : १,००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट.

आमच्याकडे ‘मेगर मारणे’ असं क्रियापदच आहे. मेगर म्हणजे तारांवरच्या आवरणाचा रोध तपासायचं यंत्र. हे मुळात ब्रिटिश व्यापारी नाव, १९०३ साली नोंदलेलं. घरगुती मोटरला ५०० व्होल्टचा दाब देऊन वाइंडिंग (आतली गुंडाळलेली तार) आणि बॉडी यांच्यामधला रोध बघतो. तो मेगओहममध्ये यायला हवा. शून्याकडे गेला की ‘मोटर अर्थ झाली’, म्हणजे तार बॉडीला टेकली. कंटिन्युटीला, म्हणजे तार सलग आहे की तुटली ते बघण्याला, ‘सातत्य’ म्हटलेलं वाचलंय, पण ते सकाळच्या व्यायामाचं वाटतं. दुकानात आम्ही पोराला एवढंच सांगतो, “बीप येते का बघ.”

(आयटीआयच्या पाटीवर मात्र वायरमन ‘तारतंत्री’ आणि इलेक्ट्रिशियन ‘वीजतंत्री’ असतो. शब्द झकास आहेत, हाक मारताना कोणी वापरत नाही.)

मूळ प्रश्नकर्ती

छान उलगडलं. एक शंका उरली : यांनी मल्टिमीटर लावला तेव्हा बंद केलेल्या तारेवरही ७०-८० व्होल्ट दिसले. वायरमन म्हणाला, “तो भुताचा आकडा, टेस्ट लॅम्प लावतो.”

प्रतिसाद

आकडा दिसतो, पण त्याच्यामागे बळ नसतं. शेजारून चालू तार गेली असली की मोकळ्या तारेवर असा आभासी दाब उमटतो. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम, त्यामुळे तो धारा जवळजवळ घेतच नाही आणि एवढ्याशा दाबालाही भुलतो. टेस्ट लॅम्पमधला बल्ब मात्र खरी धारा मागतो. ती मिळाली नाही तर बल्ब पेटत नाही आणि आकडाही लगेच कोसळतो. तुमच्या वायरमनला दाब आणि धारा यांतला फरक पक्का ठाऊक आहे, फक्त दोघांना तो एकाच नावाने हाक मारतो.