मिसळ आधी खा, स्मूदनिंग नंतर

एका ताईनं विचारलंय की रविवारी कोल्हापुरात फडतरेची मिसळ खाऊन तसंच पार्लरला स्मूदनिंगला, म्हणजे केस सरळ-मऊ करून घ्यायला, गेलं तर चालेल का. अगं चालेल की, उलट खाऊनच जा, लांब केस असतील तर ४-५ तास सहज खुर्चीत जातात आणि उपाशीपोटी त्या केमिकलच्या वासानं डोकं उठतं. फक्त आधी केस मग मिसळ असं नको करू, २-३ दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागं पण घ्यायचे नाहीत आणि कट ओरपताना घाम फुटला की झालं कल्याण!

आणि स्मूदनिंग म्हणजेच केरॅटिन असं समजू नको हं. स्मूदनिंगमध्ये केसाच्या आतले बंधच तोडून परत सरळ बसवतात, त्यामुळं ते धुऊन जात नाही पण मुळाशी नवीन केस येतात ते तुझे आहेत तसेच. केरॅटिन म्हणजे केसावर चढवलेला थर, काही महिन्यात उतरतो. तेच करणार असशील तर बाटली मागून बघ, फॉर्मल्डिहाइड हे घातक केमिकल नको, आणि 'फॉर्मल्डिहाइड फ्री' लिहिलंय म्हणून खूश होऊ नको कारण बऱ्याचदा त्यात ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असतं, त्यानं किडनीला त्रास झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात.

गोडाचं म्हणशील तर सोळंकीचं कॉकटेल (दारूचं नव्हे, आइस्क्रीमचं), दुसरं काय सांगू, लै भारी!