झिरकॉन या खनिजातल्या हॅफ्नियम मूलद्रव्यावरून भूकवचाच्या दोन प्रांतांची सीमा कुठे धरायची?

शिस्ट: शिअर झोनला (खडक एकमेकांलगत घासून सरकले त्या पट्ट्याला) आडव्या छेदावर ग्रॅनाइटचे नमुने आहेत, वय साधारण २६५ कोटी वर्षं. पश्चिमेला एप्सिलॉन हॅफ्नियम (हॅफ्नियम-१७६/१७७ गुणोत्तर त्या काळच्या सरासरी पृथ्वीपेक्षा दहा हजारांत किती वेगळं; उणे म्हणजे जुनं कवच वितळलेलं) −६ च्या आसपास, लांब पूर्वेला +२. मधे मात्र, झोनच्या पूर्वेला ३० किमीपर्यंत, एकाच नमुन्यात −७ ते +१ असा पसारा येतो. सरासरी काढून रेषा आखू का?

गारगोटी: सरासरी नको. आधी वयं तपासा. वय युरेनियमचं शिसं किती झालं यावरून निघतं; ते शिसं फार पूर्वी निसटलेलं असेल तर बिंदू काँकॉर्डियालगतच (युरेनियमची दोन्ही घड्याळं एकच वय देतात त्या वक्ररेषेलगतच) दिसतो, पण वय कमी येतं. त्या वयाला एप्सिलॉन काढला की दर १० कोटी वर्षांच्या चुकीमागे तो सुमारे २.२ एककांनी खाली घसरतो. खूण अशी की वयं पसरतात, मोजलेलं हॅफ्नियम-१७६/१७७ गुणोत्तर मात्र तेच राहतं. तिथे नमुन्याचं स्फटिकीभवनाचं वय वापरा. पण ८ एककांचा पसारा एवढ्यानेच यायला वय ३६ कोटी वर्षांनी चुकायला हवं, म्हणजे आणखी काहीतरी आहे.

बहुतेक वेळा ते कणांतले जुने गाभे असतात, ज्यांभोवती नंतर नवं झिरकॉन वाढलेलं असतं. वयाचा लेझर-डाग २५-३० मायक्रॉनचा, हॅफ्नियमचा ४०-५०. मोठा डाग गाभ्यात शिरला की वय कडेचं आणि हॅफ्नियम मिसळलेलं. कॅथोडोल्युमिनेसन्स चित्र (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने चमकून कणाचे आतले थर दिसतात ते) पाहूनच डाग ठेवा. खणताना सिग्नलला पायरी आली तर पुढचा भाग टाका.

यिटर्बियम-१७६ चं वस्तुमान जवळपास हॅफ्नियम-१७६ इतकंच, म्हणून त्याची वजावटही पाहा. नुसतं मड टँक हे प्रमाण-झिरकॉन चालवलंत तर चूक लपते, कारण त्यात यिटर्बियम फार कमी. सोबत टेमोरा-२ हे यिटर्बियम जास्त असलेलं प्रमाण-झिरकॉन ठेवा.

कातळ: एवढं निस्तरून उरलेला पसारा खरा. ग्रॅनाइट खोल कवचाची बातमी देतो, पायाखालच्या खडकाची नाही. झोन पूर्वेला ४५ अंशांनी कलत असेल आणि वितळण २५ किमी खोल झालं असेल, तर त्या खोलीवरची सीमा २५ किमी पूर्वेला सरकते; ३० अंशांना ४३ किमी. ऑस्ट्रेलियातल्या यिल्गार्न क्रेटॉनमधला (क्रेटॉन म्हणजे प्राचीन, स्थिर भूखंड) आयडा फॉल्टही असाच पूर्वेला कलतो. नकाशावर पट्टा दाखवा, रेषा नको.

शिस्ट: झिरकॉनमधल्या ऑक्सिजनची समस्थानिकंही मोजावीत का?

कातळ: हो, आणि सर्वांत आधी. ती मोजणाऱ्या आयन प्रोबचा खड्डा जेमतेम एक-दोन मायक्रॉन खोल असतो, लेझर सगळं उडवून टाकतो. −७ च्या कणांत डेल्टा-१८ (ऑक्सिजन-१८ चं प्रमाण, दर हजारी फरकात) ५.३ ± ०.३ आला तर जुनं अग्निजन्य कवच वितळलंय. ६.५ च्या वर गेला तर उगमात गाळ आहे, आणि गाळ सीमा ओलांडून वाहत आलेला असू शकतो. ते कण सीमेसाठी धरू नका.