ड्रोनची नोकरी: मुलाला अडवावं का?

दौलतगंजकर: मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. त्याला वायुसेनेत जाऊन ड्रोन चालवायचंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सौ. खूश! पोरगं सीमेवर जाणार नाही, एसी खोलीत बसेल, संध्याकाळी जेवायला घरी. माझी हयात एजी ऑफिसात (महालेखापाल कार्यालयात) आकडे तपासण्यात गेली, मला युद्धातलं काय कळणार? पण २०१९ ला बालाकोटला गेलेली मिराज लढाऊ विमानं आपल्या ग्वाल्हेरहूनच उडाली होती, तेव्हा माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. मग आता पोटात का ढवळतंय? पोरगा विचारतो, "बाबा, पायलटनं बॉम्ब टाकला तर शाबासकी, मी बटण दाबलं तर पाप?" मला उत्तर सुचलं नाही. कुणी जाणकार सांगाल का?

मुरारचा सार्जंट (निवृत्त): काका, मी मिराजवर मेकॅनिक होतो. लढाऊ विमानाचा पायलट मारा करतो आणि वळतो. खाली काय झालं ते खालीच राहतं. अमेरिकेच्या रीपर ड्रोनवर उलटं आहे. हेलफायर क्षेपणास्त्र सुटलं की सेन्सर ऑपरेटर, म्हणजे कॅमेरा सांभाळणारा, लेझर लक्ष्यावर धरून बसतो. तेवढ्यात अंगणात कुणी आलं तर तेही पडद्यावर दिसतं. स्फोट झाल्यावरही ड्रोन घिरट्या घालत राहतं, कारण किती मेले, कोण उचलायला आलं, हे बघून नोंदवायचं असतं. त्याआधी कधी कधी कित्येक दिवस त्याच माणसावर पाळत ठेवलेली असते. तो कुठे झोपतो, पोरांशी कसा खेळतो, सगळं पाठ.

अमेरिकेत नेवाडात क्रीच नावाचा तळ आहे, तिथून हे ड्रोन चालवतात. शिफ्ट संपली की गाडी काढायची, तासाभरात लास व्हेगसमध्ये घरी. आमचे पायलट उड्डाणाहून आले की क्रू रूममध्ये चहा घेत बडबडायचे, चिडायचे, एकमेकांची खेचायचे. घरी पोचेपर्यंत निम्मं उतरलेलं असायचं. त्या क्रीचवाल्याला दारातच विचारतात, दूध आणलंस का? वहिनींना हे जरूर सांगा.

ग्वाल्हेर-लष्करची ताई: मी मानसोपचार विभागात काम करते. घाबरवू नका त्यांना, सगळे काही मोडत नाहीत. २०१३ च्या अमेरिकी लष्करी पाहणीत ड्रोन पायलट आणि विमानातले पायलट यांच्यात मानसिक त्रासाचं प्रमाण साधारण सारखंच निघालं. पण एसी खोलीचा फायदा काय झाला मग? जीव धोक्यात नसूनही हे होतं. इथं माणूस मरणाला भ्यालेला नसतो, आपण जे केलं ते त्याला खात असतं.

तोफखाना: आपले जवान वाचतात, ते कुणी बोलत नाही! मे २०२५ मध्ये पलीकडून ड्रोन आले तेव्हा कुठे होती ही नैतिकता? आणि ३१ पैकी १५ नौदलाचे आहेत, समुद्रावर पाळत ठेवायला. काका, जाऊ द्या पोराला.

मुरारचा सार्जंट: जवान वाचतात, मान्य. आता काबूल आठवा, २९ ऑगस्ट २०२१. अमेरिकी ड्रोनची एका पांढऱ्या कोरोला गाडीवर तासन्‌तास नजर होती. माणूस गाडीत पाण्याचे कॅन ठेवत होता, यांना ती स्फोटकं वाटली, मारा केला. १० जण गेले, त्यात ७ मुलं. सप्टेंबरात पेंटागॉननं चूक कबूल केली, शिक्षा कुणालाच नाही. इतक्या जवळून बघूनही हे झालं.

दौलतगंजकर: सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, "हा आत्ताच जेवताना तोंड उघडत नाही, तेव्हा काय बोलणार?" पोराला विचारलं, स्फोटानंतरही बघत बसावं लागतं, माहीत होतं? नव्हतं. आता म्हणतो, फक्त टेहळणीचं काम मागून घेईन. मिळतं का तसं?

मुरारचा सार्जंट: मागून काही मिळत नाही, काका, पोस्टिंग वरून येतं. आणि टेहळणीवाल्यानं दाखवलेल्या घरावरच दुसरा कुणीतरी मारतो. रविवारी त्याला घेऊन मुरारला या. मी ना हो म्हणणार, ना नाही. पण त्याला जे विचारायचंय ते तुमच्यासमोर विचारणार नाही तो, तेव्हा तुम्ही बाहेर ओसरीत बसा.